धरण भरले, दरवाजांचे काय?

दिल्लीच्या मुनिरका गावात आता शेती उरलेली नाही. गावच्या जमिनींवर वसाहती आणि विद्यापीठ उभे राहिले, जुन्या घरांवर मजले चढले आणि त्या मजल्यांवरच्या खोल्यांत देशभरातून शिकायला आलेली मुले भाड्याने राहतात. शेजारच्या बेर सराय, जिया सराय भागात पुस्तकांची आणि झेरॉक्सची दुकाने आहेत. अभियांत्रिकी सेवा परीक्षेच्या टिपणांचे गठ्ठे तिथे मिळतात. स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेऊन आलेले मराठी तरुणही ते विकत घेतात. त्यात सिंचन अभियांत्रिकीचा भाग असतोच. कालव्यात गाळ बसू नये म्हणून पाण्याचा वेग किती असावा, याचे केनेडीने १८९५ मध्ये बारी दुआब कालव्यावर बांधलेले सूत्र, पुढे लेसीने केलेली सुधारणा, बंधाऱ्याच्या पायाखालून झिरपणाऱ्या पाण्याचा खोसला यांनी १९३६ मध्ये मांडलेला हिशेब, शीर्ष नियामक, काटनियामक, अतिवाहक, प्रपात, विमोचक. या शास्त्राचा मोठा भाग याच उपखंडातल्या कालव्यांवर घडला. विद्या आपल्याकडे आहे आणि ती शिकलेली माणसेही आहेत. तरीही महाराष्ट्रात धरण भरल्याची बातमी येते, तेव्हा कालव्याच्या शेवटी असलेल्या शेतकऱ्याला त्या बातमीचा भरवसा वाटत नाही. याचे मुख्य कारण साठ्याच्या टंचाईत नसून पाणी ताब्यात ठेवणाऱ्या छोट्या बांधकामांच्या दुरवस्थेत आहे, असे माझे मत आहे. दरवाजा, उंबरा, मोजपट्टी आणि त्यांच्याजवळ नेमलेला माणूस या चार गोष्टी नीट नसतील, तर धरणात कितीही पाणी असले तरी ते कोणाच्या हक्काचे राहत नाही.

मुनिरक्यापासून काही किलोमीटरवर, खिडकी गावाजवळ, सातपुला उभा आहे. महंमद तुघलकाने चौदाव्या शतकाच्या मध्याच्या आसपास जहाँपनाह शहराच्या दक्षिण तटबंदीतच हे बांधकाम केले. देवगिरीला राजधानी नेणारा म्हणून मराठी वाचकाला जो सुलतान ठाऊक आहे, तोच हा. नावात पूल असला तरी काम बंधाऱ्याचे होते. नाला तटाला जिथे भिडतो तिथे दगडी भिंत घालून तिच्यात सात मुख्य कमानी ठेवल्या, दोन्ही बाजूंना आणखी छोट्या कमानी आणि टोकांना बुरूज. कमानींना दरवाजे बसवून पाणी अडवायचे आणि शेतीला लागेल तसे सोडायचे, अशी योजना. इथे थांबून पाहण्याजोगी गोष्ट कमानींच्या संख्येत आहे. एकच मोठे तोंड ठेवले असते तर दरवाजा इतका जड झाला असता की माणसांना तो हलवता आला नसता. शिवाय पाणी एक तर पूर्ण अडले असते, नाही तर पूर्ण सुटले असते. तोंड सात ठिकाणी विभागले की प्रत्येक दरवाजा माणसांच्या आवाक्यात येतो आणि पाणी थोडे, मध्यम, जास्त असे सोडता येते. आजच्या बराजाला डझनावारी दरवाजे असतात ते याच तत्त्वाने. सातपुला अजून भक्कम आहे. त्याच्यामागे पाणी मात्र नाही, आणि पाण्याशिवाय ते एक संरक्षित स्मारक आहे.

मुनिरक्याच्या पूर्वेला हौज खास आहे. अल्लाउद्दीन खिलजीने सिरी शहरासाठी हा तलाव खोदला. पन्नासेक वर्षांतच तो गाळाने भरला. फिरोजशहा तुघलकाने आपल्या कारकिर्दीचा जो वृत्तान्त लिहून ठेवला, त्यात दिल्लीच्या दोन तलावांची हकीकत आहे. मेहरौलीच्या शम्सी तलावाचे येवे काही लोकांनी बुजवून टाकले होते. सुलतानाने त्यांना शिक्षा केली आणि येवे पुन्हा मोकळे केले. अल्लाउद्दीनच्या तलावाच्या कोरड्या तळात लोक शेती करू लागले होते, विहिरी खणून त्यांचे पाणी विकत होते. तो तलाव त्याने उपसून साफ करवला. सहा शतकांहून जुना हा मजकूर आहे, पण आजच्या कुठल्याही तालुक्याच्या पाणी बैठकीत तो वाचून दाखवला तर कोणाला परका वाटणार नाही. येवा बुजला की तलाव मरतो, आणि तलाव मेला की पाणी विकणारा उभा राहतो. विसाव्या शतकात दिल्ली पसरली तसे हौज खासचे येवे पुन्हा बंद झाले आणि तलाव पुन्हा आटला. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यात पाणी आले ते वसंत कुंजच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून, संजय वनातून वळवून. म्हणजे खड्डा शाबूत होता. गेला होता तो पाणी आत आणण्याचा मार्ग, आणि तो मार्ग नव्याने आखल्यावर तलाव जगला.

याच शहरात जुलै २०२३ मध्ये नियंत्रणाच्या अभावाची किंमत सर्वांनी पाहिली. यमुनेची पातळी २०८.६६ मीटरवर गेली. १९७८ चा २०७.४९ मीटरचा विक्रम मोडला. हथनीकुंड बराजातून त्या वेळी सुटलेला सर्वोच्च विसर्ग सुमारे ३ लाख ५९ हजार क्युसेक होता. ऑगस्ट २०१९ मध्ये त्याच बराजातून ८ लाख २८ हजार क्युसेक सुटले होते आणि तरीही दिल्लीत पातळी २०६.६० मीटरच्या पुढे गेली नव्हती. निम्म्याहून कमी विसर्ग, आणि पातळी दोन मीटर जास्त. पूर किती काळ टिकला, पात्रात गाळ किती होता, काठावर किती भराव झाला, अशी अनेक कारणे यामागे आहेत. पण त्यातले एक कारण डोळ्यांसमोर होते. आयटीओ बराजाच्या ३२ दरवाजांपैकी पाच दरवाजे गाळात रुतून बसले होते. नदी राजधानीत शिरलेली असताना ते उघडण्यासाठी लष्कराला आणि नौदलाच्या गोताखोरांना बोलवावे लागले. बराज दिल्लीत, देखभाल तेव्हा हरियाणाकडे. दरवाजा वर्षानुवर्षे हलवला गेला नाही तर तो गरजेच्या दिवशी हलत नाही, एवढाच धडा यातून घेतला तरी पुष्कळ आहे.

आता महाराष्ट्राकडे येऊ. देशातली सर्वाधिक मोठी धरणे आपल्या राज्यात आहेत. संख्या दोन हजारांच्या पुढे जाते. तरीही २०११-१२ च्या आर्थिक पाहणीत पिकाखालच्या एकूण क्षेत्रातला सिंचित वाटा दशकभरात १७.८ टक्क्यांवरून १७.९ टक्क्यांवर गेल्याचे दिसले, आणि मोठे वादळ उठले. नोव्हेंबर २०१२ मध्ये सरकारने श्वेतपत्रिका काढून वाढ त्याहून बरीच जास्त असल्याचे सांगितले. त्या वादातला भ्रष्टाचाराचा भाग चौकशांचा आणि न्यायालयांचा विषय आहे. मला त्यातली दुसरी बाजू जास्त अस्वस्थ करते. एका राज्यात किती जमीन भिजते, यावर त्याच राज्याची दोन कागदपत्रे इतकी वेगळी बोलू शकली, कारण दोन्हींकडे हेक्टरांचे आकडे होते, पाण्याचे नव्हते. धरणातून किती घनमीटर सुटले, वितरिकेच्या मुखाशी किती पोचले, लघुवितरिकेला किती मिळाले, याची सलग नोंद प्रत्येक कालव्यावर असती, तर असा वाद उभाच राहिला नसता. मोजले न गेलेले पाणी कोणाच्याही खात्यावर मांडता येते. कृषी मूल्य आयोगाने नोंदवले आहे की चार टक्क्यांहून कमी पीकक्षेत्रातला ऊस महाराष्ट्रातल्या सिंचनाच्या पाण्यापैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी घेतो. हे पाणी कोणी एका रात्रीत पळवलेले नाही. वरच्या दरवाजावर ताबा नव्हता आणि खालच्या मोरीवर मोजमाप नव्हते, म्हणून ते वर्षानुवर्षे तिकडे वाहत गेले.

कालवा कसा चालतो हे थोडे तपशिलात पाहिले तर हा मुद्दा स्पष्ट होईल. कालव्याची रचना पूर्ण पुरवठा पातळी धरून केलेली असते. तो भरून वाहत असेल तेव्हा प्रत्येक वितरिकेच्या मुखाशी पाणी पुरेशा उंचीवर असते. पण आवर्तनात दर वेळी पूर्ण विसर्ग नसतो. कालवा निम्म्याने वाहू लागला की पातळी खाली जाते आणि वितरिकेच्या तोंडात पाणी चढत नाही. यासाठी कालव्यात ठराविक अंतरावर आडवे दरवाजे असतात, तोच काटनियामक. तो थोडा खाली केला की त्याच्या वरच्या भागात पाणी तुंबते, वितरिकेला हवी ती उंची मिळते आणि उरलेले पुढे जाते. आता हा काटनियामक गंजून निकामी झाला, त्याचे चाक निखळले, किंवा दरवाजाच कोणी काढून नेला, असे समजा. अधिकाऱ्यापुढे दोन वाटा उरतात. एक, कमी मागणी असतानाही कालवा भरून चालवायचा आणि जास्तीचे पाणी अतिवाहकातून नाल्यात जाऊ द्यायचे. दुसरी वाट शेतकरी स्वतःच काढतात. कालव्यात दगड, पोती, झाडाच्या फांद्या टाकून पाणी चढवतात. त्यांना पाणी मिळते, पण अस्तर उखडते, गाळ तिथेच बसतो आणि पुढच्या दहा किलोमीटरचा कालवा कोरडा राहतो. ज्याने पोती टाकली त्याला आपण पाणीचोर म्हणतो. नियामकाचे चाक किती वर्षे फिरलेले नाही, हे विचारायला कोणी जात नाही.

याहून सूक्ष्म गोष्ट उंबऱ्याची आणि भोकाची. उंबऱ्यावरून सांडणाऱ्या पाण्याचा विसर्ग उंचीच्या दीड घाताने वाढतो; भोकातून येणाऱ्या पाण्याचा फक्त वर्गमुळाने. म्हणजे पाण्याची उंची दहा टक्के वाढली, तर उंबऱ्यावरून सुमारे पंधरा टक्के जास्त जाते, भोकातून पाचच टक्के. कालव्यात आडवा लांब उंबरा बांधला आणि वितरिकेला भोक ठेवले, तर कालव्यातली चढउतार बहुतेक सगळी उंबऱ्यावरून पुढे निघून जाते आणि वितरिकेला जवळपास स्थिर पाणी मिळते. उलट रचना केली तर कालव्याचा प्रत्येक हेलकावा वितरिकेत शिरतो. वीज लागत नाही, यंत्र लागत नाही, दर तासाला माणूसही लागत नाही. फक्त बांधणाऱ्याला हा फरक कळलेला असावा लागतो आणि नंतर कोणी त्या भोकाशेजारी दुसरे भोक पाडता कामा नये. बेर सरायच्या टिपणांत हे सूत्र आहे. प्रश्न असा आहे की पाटबंधारे उपविभागात बसलेल्या शाखा अभियंत्याकडे त्या उंबऱ्याची दुरुस्ती करण्याइतके पैसे आणि तिथे रोज जाईल असा माणूस आहे का. कालवा निरीक्षक, मोजणीदार, चौकीदार यांची पदे रिकामी राहतात आणि एकेका माणसाकडे इतके किलोमीटर येतात की दरवाजा फिरवण्यासाठी त्याने तिथे वेळेवर पोचणेच शक्य नसते.

एखादा दरवाजा किती महत्त्वाचा, हे १० ऑगस्ट २०२४ च्या रात्री तुंगभद्रेवर कळले. धरणाच्या ३३ दरवाजांपैकी एकोणिसाव्या दरवाजाची साखळी तुटली आणि तो वाहून गेला. धरण तुडुंब भरलेले होते. त्या एका तोंडावरचा ताण कमी करण्यासाठी कित्येक टीएमसी पाणी नदीत सोडून द्यावे लागले. तीन राज्यांतल्या शेतकऱ्यांच्या हंगामावर टांगती तलवार आली. आठवडाभराने तिथे तात्पुरता दरवाजा बसवता आला. आपल्याकडे पानशेत आहेच. १२ जुलै १९६१ ला पुणे बुडाले, तेव्हा पानशेत धरण पहिल्यांदा भरत होते आणि पाणी बाहेर सोडणाऱ्या विमोचकाचे काम अपुरे होते. धरणाची भिंत बांधून झाली म्हणजे धरण झाले, ही समजूत त्या दिवशी फार महागात पडली. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे दुखणे असे गाजत नाही, पण ते गावोगाव आहे. पावसाळा सरला की बंधाऱ्याच्या गाळ्यांत बरगे घालायचे, नदीचा उतरता प्रवाह अडवायचा आणि पुढच्या पावसाआधी ते काढून घ्यायचे, असे हे साधे आणि बुद्धिमान तंत्र आहे. बरगे पंधरा दिवस उशिरा घातले तर वाहते पाणी गेलेले असते. काढायला उशीर झाला तर पुराचे पाणी बाजूचा काठ कापून निघते. लाकूड कुजलेले असेल, सांधे गळत असतील, लोखंडी दरवाजे चोरीला गेले असतील, तर बंधारा नदीत उभा असूनही त्याच्या दोन्ही बाजूंना पाण्याची पातळी सारखीच दिसते.

ताबा म्हणजे सरकारी हुकूम असा अर्थ कोणी घेऊ नये. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर काही शतके चालत आलेली फड पद्धत याचे उलट उदाहरण आहे. नदीवर बंधारा, तिथून कालवा, कालव्यातून चाऱ्या, चाऱ्यांतून शेतापर्यंत सारंग आणि जास्तीचे पाणी नदीला परत देणारे सांडम. एवढ्याच गोष्टी, पण त्यातल्या प्रत्येकीला काम नेमून दिलेले. बंधाऱ्याखालची जमीन फडांत वाटलेली असे आणि एका फडात एका वर्षी एकच पीक. पाणी कमी असेल त्या वर्षी कोणते फड भिजवायचे आणि कोणते पडीक ठेवायचे, हे गावाने बसून ठरवायचे. पाटकऱ्याला लोकांनीच नेमायचे आणि पिकातूनच त्याचा मोबदला द्यायचा. एका फडात एकच पीक असल्यामुळे सगळ्यांना पाणी एकाच वेळी लागे आणि मोजणी सोपी होई. शेजाऱ्याच्या वावरात ऊस आणि आपल्या वावरात ज्वारी असा तंटा उद्भवतच नसे. जुन्या पद्धतीचे गोडवे गाण्यासाठी मी हे सांगत नाही. तिथे जमिनीची मालकी आणि जातीची उतरंड होतीच, आणि नदीत वर धरणे झाल्यावर यातल्या अनेक बंधाऱ्यांचे पाणीच गेले. मुद्दा इतकाच की दगडी बांधकाम, वाटपाचा नियम आणि राखणारा माणूस या तिन्ही गोष्टींचा विचार तिथे एकत्र झाला होता. आपल्या मोठ्या प्रकल्पांत बांधकामाचा विचार आधी होतो आणि उरलेल्या दोन्हींचा जवळजवळ होतच नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो दुष्काळाचा. मराठवाड्यात पाऊसच बेभरवशाचा, मग साठे वाढवल्याशिवाय कसे भागेल? साठ्यांना माझा विरोध नाही. पण सध्याच्या साठ्यांतून सुटलेल्या पाण्यापैकी पिकाच्या मुळाशी किती पोचते, हे आधी विचारायला हवे. देशात कालव्यांच्या सिंचनाची कार्यक्षमता ३० ते ४० टक्के मानली जाते. ती दहा टक्केबिंदूंनी जरी वाढली, तरी शंभर घनमीटरमागे दहा घनमीटर पाणी नव्याने हाताशी येते. त्यासाठी एकही गाव बुडवावे लागत नाही. शिवाय दरवाजानेही साठा वाढतो, हे महाराष्ट्राला सव्वाशे वर्षांपूर्वीच कळले आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या नोकरीत असताना १९०३ मध्ये त्यांनी खडकवासल्यावर आपोआप उघडणारे दरवाजे बसवले आणि धरणाची भिंत न वाढवता जलाशयात जास्त पाणी ठेवता आले. पुढे राधानगरीलाही स्वयंचलित दरवाजे आले. नवे धरण लागेल तिथे बांधावे. पण आहे त्या धरणाच्या कालव्यावरचे दरवाजे बंद होत नसतील, तर नव्या धरणाचे पाणीही त्याच वाटेने जाणार.

दुसरा आक्षेप जास्त जाणकार लोक घेतात आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. कालव्यातून झिरपलेले पाणी वाया जात नाही, लाभक्षेत्रातल्या विहिरी त्यानेच भरतात. मग गळती थांबवून विहिरीवाल्याच्या तोंडचा घास का काढता? महाराष्ट्रात कालव्याखालचे पुष्कळ भिजवणे प्रत्यक्षात विहिरींवर चालते, हे खरेच आहे. पण झिरपा कुठे जाईल हे खडक ठरवतो, आणि ज्याच्याकडे विहीर खणायला पैसा त्याच्याकडे तो जातो. कालव्याच्या शेपटाला, जिथे पाणीच पोचत नाही, तिथे झिरपाही नाही. नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड प्रकल्पाने याचे उत्तर करून दाखवले आहे. ओझर भागात कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्यांनी १९९१ मध्ये पाणी वापर संस्था उभ्या केल्या. बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी त्यामागे वर्षानुवर्षे काम केले. या संस्थांनी पाणी हेक्टरी न घेता मोजून, घनमीटरने घेतले. आपल्या वाट्यातले काही पाणी त्यांनी जाणूनबुजून नाल्यांवरच्या बंधाऱ्यांत सोडले आणि विहिरी भरवल्या. म्हणजे पुनर्भरण थांबले नाही. ते गळतीच्या नशिबावरून काढून ठरावाच्या कक्षेत आणले गेले. कोणते पीक घ्यायचे हे शेतकरी ठरवू लागले, कारण किती पाणी येणार हे त्यांना आधी माहीत होते. पुढे प्रकल्पाचेच व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या संस्थांच्या हाती आले. २००५ मध्ये राज्याने शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा केला, त्याला अशा अनुभवांचा आधार होता.

मग तो कायदा इतरत्र का रुजला नाही, असे कोणी विचारेल. अनेक ठिकाणी संस्था कागदावर झाल्या, पण पाणी मोजून हस्तांतरित करायचे ते मोजण्याचे साधनच लघुवितरिकेच्या मुखाशी नव्हते किंवा बिघडलेले होते. फुटक्या चाऱ्या, गंजलेले दरवाजे आणि बंद पडलेली मोजयंत्रे घेऊन शेतकऱ्यांनी व्यवस्थापन करावे, ही अपेक्षाच अन्यायाची होती. वर्तणुकीचा दोष त्यांना देणे सोपे आहे. शेतकरीच दरवाजे तोडतात, असे अधिकारी सांगतात आणि काही ठिकाणी ते खरेही आहे. पण शेजपाळीचा, म्हणजे पाळीने पाणी देण्याचा, क्रम शेपटाकडून मुखाकडे ठरलेला असताना मुखाकडचा उपसा रात्रभर चालू राहिला आणि कोणी त्याला हात लावला नाही, तर शेपटाचा शेतकरी तिसऱ्या आवर्तनाला पहार घेऊन येतो. हरियाणात वाराबंदीच्या मोऱ्यांना दरवाजाच नसतो. वितरिकेतल्या पाण्याचा ठरलेला वाटा त्यातून आपोआप जातो आणि आठवड्यातला आपला तास प्रत्येकाला माहीत असतो. त्या पद्धतीत पिकानुसार पाणी कमीजास्त करता येत नाही, हा तिचा दोष आहे. पण मोरीपाशी रोज भांडण होत नाही, हा गुणही लहान नाही.

तंत्रज्ञानावर विसंबणाऱ्यांचे म्हणणे असे की उघडे कालवेच सोडा. बंद नळ घाला, संवेदक लावा, मुख्यालयातून दरवाजे चालवा. बंद नळाने बाष्पीभवन आणि गळती दोन्ही कमी होतात, भूसंपादन वाचते, मोजणी सोपी होते. मी त्याच्या बाजूचाच आहे. पण नळातही मुखाकडचे व्हॉल्व्ह सताड उघडे राहिले की शेपटाला दाब उरत नाही. नळाने नियंत्रणाची गरज संपत नाही, ती जमिनीखाली जाते. बीड जिल्ह्यात माजलगाव प्रकल्पाच्या कालव्यावर स्वयंचलित नियंत्रणाचा प्रयोग फार पूर्वी झाला. राज्यात त्याचा प्रघात पडला नाही. महाग यंत्र बसवायला निधी असतो आणि त्याचे वंगण, सील, बॅटरी यांसाठी नसतो, तोवर प्रत्येक नवे तंत्र दोन हंगामांत जुन्याच अवस्थेला येते. राजधानीचेही तेच आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये हरियाणातल्या आंदोलकांनी मुनक कालव्याचा ताबा घेतला आणि दिल्लीच्या पाण्याचा मोठा वाटा थांबला. लष्कर आल्यावर पाणी सुरू झाले. जुलै २०२४ मध्ये तोच कालवा बवानाजवळ फुटला आणि वसाहती पाण्याखाली गेल्या. महानगराला नळ उघडला की पाणी येते असे वाटते, पण तेही कुठल्या तरी दरवाजावर आणि कालव्याच्या बांधावरच अवलंबून असते.

म्हणून पाटबंधाऱ्याच्या अर्थसंकल्पात प्राधान्यक्रम बदलावा, अशी माझी मागणी आहे. प्रत्येक जुन्या प्रकल्पावर आधी सर्व नियामक, विमोचक आणि मोजयंत्रे दुरुस्त व्हावीत, त्यांच्या जागांवर माणसे भरावीत, आणि हे झाल्याचा दाखला मिळाल्याखेरीज त्याच खोऱ्यात नव्या साठ्याला पैसा देऊ नये. यात कोनशिला बसत नाही आणि निविदा लहान असतात, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच हा दबाव खालून यायला हवा, आणि त्यासाठी जागा आधीपासून आहे. रब्बीच्या आधी प्रत्येक मोठ्या प्रकल्पाच्या कालवा सल्लागार समितीची बैठक होते. तिथे चर्चा बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरते, आवर्तने किती आणि केव्हा. लाभधारकांनी या वर्षी आणखी तीन प्रश्न लेखी द्यावेत. आपल्या कालव्यावरचे किती दरवाजे आज पूर्ण उघडतात आणि पूर्ण बंद होतात? किती लघुवितरिकांच्या मुखाशी पाणी रोज मोजून फलकावर लिहिले जाते? आणि त्या प्रत्येक दरवाजाची चावी आज कोणाकडे आहे, त्या माणसाचे नाव काय? उत्तरे इतिवृत्तात नोंदवून घ्यावीत आणि आवर्तन सुरू झाल्यावर कालव्याच्या शेवटापर्यंत चालत जाऊन ती पडताळून पाहावीत.